काठ पायथ्यातून तुटतो: खान्देशातल्या नद्या आपली वळणं कशी सरकवतात

पूर ओसरल्यावर गिरणेच्या एखाद्या मोठ्या वळणावर उभं राहून दोन्ही काठ नीट पाहावेत. एका बाजूला सुरीनं कापल्यासारखी उभी दरड असते. तिच्या कडेला निम्मी मुळं उघडी पडलेला लिंब असतो, नाही तर अर्धवट लोंबणारी केळीची ओळ. समोरच्या बाजूला वाळूपट्टा पसरलेला असतो, पाण्यापासून हळूहळू वर चढत गेलेला. लोक म्हणतात, नदी इकडचं वावर खातेय आणि तिकडे मळई टाकतेय. हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. मात्र काठ तुटतो कुठून, तुटतो कधी, आणि पुढच्या पाच वर्षांत कोणाच्या वावराची पाळी आहे, हे ओळखायचं असेल तर पाणी वळणावर काय करतं ते आधी समजून घ्यावं लागतं.

खान्देशातल्या सगळ्याच नद्या सारख्या वागत नाहीत, म्हणून आधी एवढा फरक लक्षात घेऊ.

तापी मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत खंबातच्या आखाताला मिळते. खान्देशात ती गाळाच्या जाड थरांतून जाते, पण त्या थरांत तिनं स्वतःला खोल कापून घेतलं आहे. कित्येक ठिकाणी तिचे काठ पंधरा-वीस मीटर उंच आहेत आणि काठालगतची जमीन घळींनी चिरलेली आहे. एवढ्या खोल खाचेत अडकलेली नदी सहजासहजी सरकत नाही. तिचं मोकळं पूरमैदान खाली गुजरातेत, काकरापारच्या पुढे सुरतेकडे लागतं. उत्तरेकडून सातपुड्यातून उतरणाऱ्या अनेर, अरुणावती, गोमाई, सुकी, मोर या आखूड आणि तीव्र उताराच्या नद्या. डोंगर संपताच त्या गोटे आणि जाड वाळू टाकतात आणि दोन-तीन धारांत फाटत वाहतात. त्यांची धारही जागा बदलते, पण ती वळण सरकल्यामुळे नव्हे. एक वाट गोट्यांनी भरली की पाणी दुसरी धरतं, एवढंच.

खरी नागमोडी वळणं दिसतात ती दक्षिणेकडून लांबून येणाऱ्या नद्यांच्या खालच्या टप्प्यात: गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर. सह्याद्रीत आणि साक्री तालुक्याच्या वरच्या भागात त्यांचं पात्र काळ्या पाषाणाला टेकलेलं असतं, तिथे त्यांना हलायला जागाच नाही. पांझरेवरचे फड पद्धतीचे, म्हणजे गावानं मिळून पाटानं पाणी वाटून घेण्याच्या पद्धतीचे, जुने बंधारे शेकडो वर्षं टिकले, त्याचं एक कारण हा पायाखालचा खडक. पुढे तापी जवळ येऊ लागली की उतार मंदावतो, दोन्ही बाजूला मऊ गाळमाती येते, आणि नदीला सरकायला वाव मिळतो. पुढचं सगळं विवेचन या टप्प्याबद्दल आहे.

वळणावरचं पाणी

वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला ढकललं जातं, एसटी वळताना आपण दाराकडे कलतो तसं. त्यामुळे बाहेरच्या काठाशी पाण्याची पातळी थोडी चढते. किती चढते याचा हिशेब सोपा आहे: वेगाचा वर्ग गुणिले पात्राची रुंदी, भागिले गुरुत्वत्वरण गुणिले वळणाची त्रिज्या. पुराचा वेग सेकंदाला २.५ मीटर, पात्र १५० मीटर रुंद आणि वळणाची त्रिज्या ४०० मीटर धरली, तर बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा सुमारे २४ सेंटिमीटर उंच उभं राहतं. वीतभर फरक. पण सगळा खेळ या वीतभर फरकातून सुरू होतो.

बाहेर उंच झालेलं पाणी आतल्या बाजूकडे दाब देतं. पृष्ठभागावरचं पाणी वेगात असतं, त्याचा बाहेर जाण्याचा जोर या दाबाला पुरून उरतो. तळाचं पाणी मात्र वाळूला घासून मंदावलेलं असतं. त्याचा जोर कमी पडतो आणि दाब त्याला आतल्या काठाकडे लोटतो. परिणाम असा की वरचं पाणी बाहेरच्या काठावर आदळतं, तिथे खाली बुडी मारतं आणि तळावरून वाळू ओढत आतल्या काठाकडे जातं. हे सगळं चालू असताना ते पुढेही वाहत असतंच, म्हणून त्याची वाट दोराच्या पिळासारखी होते.

कपातला चहा ढवळून चमचा काढला की चहाची पत्ती कडेला न जाता तळाच्या मधोमध गोळा होते, त्याचं कारणही हेच. जेम्स थॉमसन यांनी नदीच्या वळणातला हा पीळ १८७६ मध्ये मांडला, आणि १९२६ मध्ये आइन्स्टाइन यांनी चहाच्या पत्तीचं उदाहरण घेऊन तो समजावून सांगितला.

या पिळामुळे बाहेरच्या काठाखाली डोह खणला जातो आणि आतल्या काठावर वाळूपट्टा वाढतो. दोन वळणांच्या मधल्या सरळ भागात पाण्याचा मुख्य ओघ एका काठाकडून दुसऱ्याकडे जातो, तिथे पीळ सुटतो आणि पात्र उथळ राहतं. जुन्या वाटा नदी ओलांडतात त्या अशा ठिकाणी. 'उतार' म्हणतो तो हाच. डोह, उतार, डोह, उतार असा क्रम नदीभर चालतो, आणि खालच्या टप्प्यात धोक्याच्या जागा शोधायच्या तर डोहापासून सुरुवात करावी.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. 'माझी माती समोरच्याच्या वावरात गेली' असं बोललं जातं आणि त्यावरून गावात वैरही येतं. समोरचा वाळूपट्टा वाढतो हे खरं, पण त्यातली बरीचशी वाळू वरच्या अंगाच्या वळणावरून आलेली असते. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत व्हिक्सबर्गच्या जल-प्रयोगशाळेत फ्रीडकिन यांनी वाळूत कृत्रिम नद्या वाहवून हे तपासलं. तुटलेल्या काठातला माल बहुतेक करून समोर न जाता, त्याच बाजूच्या खालच्या वाळूपट्ट्यावर जाऊन बसतो. बारीक माती तर कुठेच थांबत नाही. पुराबरोबर तापीत आणि तिथून उकाई धरणाच्या पोटात जाते. समोरच्या शेतकऱ्याला जागा मिळते, तुमची माती नाही.

वळण सरकतं कुठे

पाण्याचा सर्वांत जोराचा मारा वळणाच्या अगदी टोकावर बसत नाही. ओघाला बाहेरच्या काठापर्यंत पोचायला थोडं अंतर लागतं, म्हणून मारा टोकाच्या जरा पुढे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला बसतो. त्यामुळे वळण बाहेर फुगतं आणि त्याच वेळी खालच्या दिशेला घसरतं. याचा व्यवहारातला अर्थ फार मोलाचा आहे: आज दरड ज्याच्या वावरात सर्वांत उंच आहे त्याच्यापेक्षा, त्याच्या खालच्या अंगाच्या शेजाऱ्यानं जास्त सावध राहायला हवं.

वळणांच्या आकारातही शिस्त असते. एका वळणापासून त्याच बाजूच्या पुढच्या वळणापर्यंतचं अंतर सर्वसाधारणपणे पात्राच्या रुंदीच्या १० ते १४ पट भरतं. १०० मीटर रुंद पात्राला किलोमीटर-सव्वा किलोमीटरवर पुन्हा तसंच वळण मिळेल. वळणाची त्रिज्या रुंदीच्या दोन ते तीन पट असेल तेव्हा काठ सर्वांत वेगानं तुटतो. त्रिज्या त्याहून बरीच मोठी असेल तर पीळ ढिला पडतो. फारच लहान असेल तर पाणी काठाजवळ भोवऱ्यात अडकून पडतं आणि काठाला उलट थोडा आराम मिळतो. उपग्रहचित्रावर वळणात बसेल असं वर्तुळ काढून त्रिज्या मोजा, पात्राची रुंदी मोजा, भागाकार करा. उत्तर दोन-तीनच्या आसपास आलं तर त्या वळणाकडे दुर्लक्ष करू नका.

वळण वाढता वाढता दोन शेजारच्या वळणांमधली मान बारीक होत जाते. एखाद्या पुरात ती तुटते, नदी सरळ वाट धरते आणि मागे घोड्याच्या नालेसारखं जुनं पात्र उरतं. शाळेच्या पुस्तकातलं नालाकृती सरोवर ते हेच. जुन्या पुस्तकांत त्याला कुंडलकासार म्हणत. बिहारमधल्या बेगुसरायचं काबरताल हे बुढी गंडक नदीनं मागे सोडलेलं असं मोठं सरोवर आहे. मिसिसिपीनं २६ एप्रिल १८७६ ला एक मान तोडली आणि व्हिक्सबर्ग हे गजबजलेलं बंदर मुख्य प्रवाहापासून बाजूला पडलं. तिथे पुन्हा पाणी आणायला कालवा खोदावा लागला, तो १९०३ मध्ये पुरा झाला.

आपल्याकडे मान पूर्ण तुटेपर्यंत थांबायची नदीला सहसा गरज पडत नाही. आपले पूर दोन-तीन दिवसांत चढून उतरणारे. भरलेलं पाणी वळणाला वळसा घालण्याऐवजी आतल्या वाळूपट्ट्यावरून आडवं धावतं आणि तिथे नवी नाळ कोरतं. पहिल्या वर्षी ती कमरेएवढी असते, दुसऱ्या मोठ्या पुरात मुख्य धार तिच्यात शिरते. वाळूपट्ट्याच्या मागच्या बाजूला, जुन्या काठाला लागून लांबट खोलगट लवण दिसत असेल तर ती या नाळेची सुरुवात समजावी. तिच्यातून रस्ता काढणं किंवा वाळूच्या गाड्यांसाठी ती आणखी खोल करणं म्हणजे नदीला नवी वाट आखून देणं आहे.

कोसीसारख्या नद्या पात्रच सोडून देतात, तो प्रकार याहून वेगळा. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळातल्या कुसहाजवळ तटबंध फुटला आणि कोसी कितीतरी किलोमीटर पूर्वेकडच्या जुन्या वाटेनं धावली. त्यासाठी गाळानं उंचावलेलं पात्र आणि त्याहून सखल असा भोवतालचा प्रदेश लागतो. खान्देशातल्या खाचेत बसलेल्या नद्यांना तो धोका नाही. आपलं दुखणं काठ तुटण्याचं आहे.

दरड कोसळते कशी

तापी-गिरणेच्या काठाची उभी चीर नीट पाहिली तर थर वेगळे दिसतात. वर मीटर-दोन मीटर काळी माती. तिच्याखाली पिवळसर तपकिरी गाळमाती, चुनखडीचे खडे मिसळलेली. आणि पायथ्याशी, निदान बऱ्याच ठिकाणी, वाळू किंवा बारीक गोट्यांचा थर. वरचे दोन थर चिकट, खालचा सुटा. डोहातलं पाणी चिकट मातीला फारसं काही करू शकत नाही, पण सुटी वाळू ते सहज उपसून नेतं. पायथा पोकळ होतो, वरचा भाग छपरासारखा पुढे येतो आणि आपल्याच वजनानं मोडून पडतो.

उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात हे सगळ्यांना माहीत आहे. काठाला समांतर, कडेपासून एक-दोन मीटर आत जाणारी भेग मात्र वेगळी. ती माती आकसल्याची नाही, काठ सुटत असल्याची खूण आहे. पावसाचं पाणी त्या भेगेत भरलं की ते पाचरीसारखं काम करतं. अशी भेग दिसली की तिच्या पलीकडे बैल बांधू नये, पंप ठेवू नये, ट्रॅक्टर वळवू नये.

आणि दरड कधी पडते? बहुतेकांना वाटतं, पूर भरात असताना. पायथ्याची वाळू जाते ती तेव्हाच. पण मोठे कडे कोसळतात ते पाणी उतरताना. पूर चढलेला असतो तेव्हा नदीचं पाणी काठाला बाहेरून टेकू देत असतं, आणि त्याच वेळी काठाच्या आत मुरतही असतं. नदी एका रात्रीत तीन-चार मीटर उतरते, टेकू निघून जातो. आत मुरलेलं पाणी मात्र तेवढ्या वेगानं बाहेर येत नाही. काठ ओला, जड आणि निराधार होतो. पायथ्याच्या वाळूच्या थरातून पाणी झिरपत बाहेर येताना बारीक कण सोबत आणतं आणि बोटाएवढी भोकं पाडतं. त्यानंतरचे दोन-तीन दिवस सर्वांत धोक्याचे. बंधाऱ्याचे दरवाजे उघडून पातळी झपाट्यानं खाली आणली की फुगवट्यातल्या काठांवर हीच वेळ येते. पूर उतरला म्हणून लगेच मोटार काढायला कडेला जाणं जिवावर बेतू शकतं.

कोसळलेल्या मातीचा ढिगारा पायथ्याशी पडतो. तो ढिगारा म्हणजे नदीनं फुकट बांधून दिलेली भिंत आहे. जोवर तो तिथे आहे तोवर पाणी मूळ काठापर्यंत पोचत नाही. पुढचा पूर तो वाहून नेतो आणि मग काठ पुन्हा उघडा पडतो. ही सुपीक माती जेसीबीनं उचलून वावरात पसरण्याचा मोह अनेकांना होतो. तसं केलं तर पुराला जे काम करायला एखादं वर्ष लागलं असतं ते आपण एका दिवसात उरकून देतो.

माणसानं काय बदललं

धरणांनी पूर बराच वश केला. १९६९ चं गिरणा धरण, १९८२ मध्ये पूर्ण झालेलं तापीवरचं हतनूर, पुढे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथले बॅरेज. धरण पूर अडवतं तसा गाळही अडवतं. धरणाखाली सोडलेलं पाणी वाळूविना रिकामं असतं, आणि रिकामं पाणी आपला वाळूचा वाटा खालच्या पात्रातून उचलतं. लहान पूर कमी झाल्यानं वाळूपट्टे वर्षानुवर्षं कोरडे राहतात आणि त्यांच्यावर वेडी बाभूळ माजते. बाभळीनं धरलेला पट्टा घट्ट होतो, गाळ पकडतो, उंच होतो, आणि मग एखाद्या वर्षी सांडव्यावरून मोठा पूर आला की सगळं पाणी समोरच्या उघड्या काठावर जातं. आतल्या पट्ट्यावरची बाभूळ काढणं हे म्हणूनच बाहेरच्या काठाचं संरक्षण आहे. ती हिवाळ्यात, मुळासकट काढावी.

वाळूउपशाचं मात्र रोखठोक बोलायला हवं. उंच काठाची उभं राहण्याची ताकद मर्यादित असते. चार मीटरचा काठ उभा असेल आणि पायथ्याशी दोन मीटर वाळू उपसली, तर तो सहा मीटरचा काठ होतो. मातीची ताकद तेवढीच राहते. त्यात डोहाच्या बाजूनं उपसा केला तर नदीनं जे दहा वर्षांत केलं असतं ते एका हंगामात होतं. उपशाचा खड्डा जागेवर थांबत नाही. त्याच्या वरच्या कडेला पाण्याला पायरी मिळते, ती पायरी पुरागणिक वरच्या अंगाला सरकते आणि वाटेत पुलाच्या खांबांचा पाया, कोल्हापुरी बंधाऱ्याचा तळ आणि काठच्या विहिरींची पातळी, सगळ्यांना खाली नेते. आपल्या गावात उपसा होत नाही म्हणून निश्चिंत राहता येत नाही. खालच्या गावातला उपसाही वर चढत येतो.

नदी सरळ करण्याचंही तेच. तीन किलोमीटरचं वळण कापून एक किलोमीटरची सरळ चर काढली, तर तेवढीच उंची एक तृतीयांश अंतरात उतरायची असते. उतार तिप्पट होतो. पाणी वेग धरतं, तळ खणतं, आणि वर-खाली दोन्हीकडचे काठ सुटू लागतात. काही वर्षांत नदी पुन्हा वळणं काढते, फक्त ती कुठे काढायची हे यावेळी कोणालाच ठाऊक नसतं.

मोजायचं कसं

उपग्रहचित्रं आता कोणालाही पाहता येतात. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं मिळतात, इस्रोच्या भुवनवरही पाहता येतं. दोन वर्षांची तुलना करताना दोन्ही चित्रं डिसेंबर-जानेवारीची घ्या आणि पाण्याची कड न आखता काठाची वरची कड आखा. पाण्याची कड आवर्तन सुटलं की बदलते आणि नसलेली धूप दाखवते. दोन्ही चित्रांत एखादा पूल, देऊळ किंवा पक्की विहीर जुळते का ते आधी तपासा. जुनी चित्रं कधी कधी दहा-पंधरा मीटर सरकलेली असतात, आणि तेवढ्यावरून घाबरून जाण्याचं कारण नाही.

जमिनीवर मोजणं त्याहून खात्रीचं. धोक्याच्या काठावर दर २० मीटरला एक रेषा धरा आणि प्रत्येक रेषेवर कडेपासून ५, १० आणि २० मीटर आत लोखंडी खुंट्या ठोका. मोजणी वर्षातून दोनदा: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, आणि दसऱ्यानंतर. प्रत्येक मोजणीला त्याच जागेवरून फोटो. तीन-चार वर्षांत कळतं की काठ संथपणे मागे येतोय की एका पुरात उडी मारतोय. सरासरीवर फार विसंबू नये. दहा वर्षांत २० मीटर म्हणजे वर्षाला दोन, हे कागदावर. प्रत्यक्षात आठ वर्षं काहीच झालेलं नसतं आणि दोन रात्रींत सगळं गेलेलं असतं.

काठ धरायचा तर पायथा धरावा

सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो काठाच्या तोंडावर दगड रचून पायथा तसाच सोडण्यात. पिचिंग कितीही देखणं असो, खालची वाळू गेली की ते सगळं डोहात घसरतं. म्हणून पहिला प्रश्न: पुरात इथे तळ किती खोल खणला जाईल?

अभियंते यासाठी लेसीचं सूत्र वापरतात. पुराचा विसर्ग सेकंदाला १,००० घनमीटर आणि तळाच्या वाळूचा सरासरी कण अर्धा मिलिमीटर धरू. अर्ध्याचं वर्गमूळ गुणिले १.७६ म्हणजे गाळाचा गुणांक सुमारे १.२४. विसर्गाला त्यानं भागून घनमूळ काढलं की ९.३, त्याला ०.४७३ नं गुणलं की ४.४ मीटर. ही साधी खोली झाली. तीव्र वळणावर ती पावणेदोन पट धरतात, म्हणजे पूरपातळीपासून ७.७ मीटर. त्या जागी पूरपातळीपासून आजचा तळ ५ मीटरवर असेल, तर पुरात आणखी २.७ मीटर खणलं जाणार. आता काठाच्या पायथ्यापासून पात्रात या २.७ च्या दीडपट, म्हणजे सुमारे ४ मीटर रुंदीचा सुट्या डबराचा पट्टा आडवा पसरतात. तळ खणला जाऊ लागला की हे दगड आपोआप खाली घरंगळतात आणि उतारावर चिलखतासारखे बसतात. म्हणून या पट्ट्यात सिमेंट ओतू नये. सिमेंटनं जखडलेले दगड घरंगळत नाहीत. त्यांच्याखाली पोकळी होते आणि अख्खा पाटा एकदम मोडतो.

दगडाच्या वजनात काटकसर नको. लागणारं वजन वेगाच्या सहाव्या घातानं वाढतं. वेग ३ वरून ४ मीटर झाला की दगड साधारण साडेपाच पट जड लागतो. जिथे २५ किलोचा दगड टिकत होता तिथे सव्वाशे किलोच्या पुढचा लागेल. काठाचा उतार दोनास एक करून घ्यावा आणि दगडाखाली वाळू-खडीचा थर किंवा जिओटेक्स्टाइल कापड घालावं. हे गाळणीचं काम करतं. ते नसेल तर दगडांच्या फटींतून माती झिरपून जाते आणि दोन पावसाळ्यांत पिचिंगला खळगे पडतात. तारेच्या जाळीतले गॅबियन मध्यम वेगाला चांगले, पण गोटे वाहत येणाऱ्या नदीत तार झिजते आणि एक जाळी फुटली की शेजारची रिकामी व्हायला वेळ लागत नाही.

दगडी ठोकर, म्हणजे काठापासून पात्रात काढलेला बांध, ओघाला काठापासून दूर ठेवतो. त्याची लांबी पात्राच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको, दोन ठोकरींतलं अंतर लांबीच्या दोन ते अडीच पट ठेवावं, आणि पहिली ठोकर धूप सुरू होते तिथे, वरच्या अंगाला असावी. मधेच एकटी ठोकर बांधली तर पाणी तिला वळसा घालून मागचा काठ खातं. ठोकरीनं लोटलेलं पाणी समोर किंवा खाली कोणाच्या तरी काठावर जाणारच. त्यामुळे हे काम एकट्या शेतकऱ्यानं करण्याजोगं नाही. पात्र सरकारी आहे, जलसंपदा विभागाची परवानगी लागते, आणि दोन्ही काठांच्या गावांनी आधी एकत्र बसायला हवं.

दोन-तीन मीटरपर्यंतच्या काठाला वाळा, निरगुडी, बांबू यांची दाट लागवड खरोखर उपयोगी पडते. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती शिवल्यासारखी धरतात. सहा-सात मीटरच्या काठावर मात्र कुठलंही मूळ पायथ्यापर्यंत पोचत नाही, तिथे लागवड फक्त वरची धूप थांबवते. अगदी कडेवरचं मोठं झाड काठाला आधार देण्याऐवजी वजन टाकतं आणि वाऱ्यात हलून भेग रुंदावतं. वावरातलं पावसाचं पाणी कडेवरून मोकळं सोडू नये. बांध घालून एका जागी आणावं आणि पाइपनं पायथ्यापर्यंत उतरवावं. नाही तर नदी पुढून खाते आणि घळ मागून.

जुनी धार, नवे कागद

पूररेषेच्या नकाशावरची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही रेषा त्या वेळच्या पात्रावर आखलेल्या असतात. वळण पन्नास मीटर सरकलं तर रेषा कागदावर तिथेच राहते. घर, शेड किंवा विहीर काढण्याआधी रेषा कोणत्या सालच्या मोजणीवरून काढली ते विचारावं.

वाहून गेलेल्या जमिनीची नोंद आपोआप होत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच राहतं, नदीत गेलेल्या वावराचा आकार, म्हणजे शेतसाराही, लागत राहतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये मळईच्या आणि वाहून गेलेल्या जमिनीबद्दल तरतुदी आहेत. त्यांचा उपयोग व्हायचा तर तलाठ्याकडे लेखी अर्ज, पंचनामा आणि भूमी अभिलेखची मोजणी लागते, आणि तिथे खुंट्यांची वही व तारखेचे फोटो कामी येतात.

सोडून दिलेली धार जमिनीत लपलेली असते. गहू किंवा हरभरा ऐन वाढीत असताना वावरात वाकडा पट्टा निराळ्या रंगाचा दिसतो, कारण खाली वाळू असते आणि पाणी लवकर निथळतं. त्या पट्ट्यात विहीर खणली तर काळ्या मातीखाली एकदम धुतलेली वाळू आणि गोटे लागतात. पाणी चांगलं मिळतं, पण बाजू ढासळतात, म्हणून कडी घालतच खाली जावं लागतं. अर्धं घर त्या वाळूवर आणि अर्धं काळ्या मातीवर आलं तर भिंतीला नेमकी मधे तिरपी चीर जाते.

गावनकाशा यासाठी उपयोगी पडतो. खान्देशात इंग्रजांच्या मोजणीला १८५२ मध्ये सावदा-फैजपूरकडच्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला, पण मोजणी पुढे झालीच. तिच्यातून आलेल्या नकाशांत नदीकाठच्या कितीतरी गावांची शीव नदीच्या तेव्हाच्या धारेवरून धरलेली आहे. आजचं उपग्रहचित्र त्या नकाशाशेजारी ठेवा. जिथे शीव वळण घेते आणि नदी घेत नाही, किंवा शीव पलीकडच्या काठावर जाऊन परत येते, तिथे त्या दोन रेषांमधलं अंतर मोजा. मोजणीपासून आजवर नदी त्या ठिकाणी तेवढी सरकली आहे.